मणक्यातला ‘गॅप’ आणि मशीनचे पॅकेज



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळी कमरेवर लिहावे लागत आहे, आणि त्यास कारण आहे. गेल्या दोन हंगामांत गट कार्यालयात ऊसबिलावर ॲडव्हान्स मागायला येणाऱ्यांत ‘मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन नको, मशीनवर ओढून घ्यायचंय’ असे सांगणारे वाढले आहेत. शहरातील दवाखाने या उपचाराला ‘स्पायनल डिकंप्रेशन’ म्हणतात आणि वीस-पंचवीस बैठकांचे पॅकेज एकरकमी पैसे घेऊन देतात. आता तर काही सभासदांनी कारखान्याने कल्याण निधीतून असे टेबल विकत घ्यावे, अशी लेखी सूचना केली आहे. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, यात शंका नाही. परंतु आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. ते का, हे सभासदांपुढे मांडणे आम्ही आमचे काम समजतो.

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकेचे माणूस. पण एखाद्या वाणाचा किंवा औषधाचा गुण खरा की दिखाऊ, हे तपासणे हा आमचा रोजचा धंदा आहे. तीच फूटपट्टी इथे लावू.

आधी दुखणे समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडे, आत मऊ गर. कडे चिरले की गर बाहेर येतो, शेजारच्या शिरेवर दाब पडतो, तिला सूज येते, आणि कळ कमरेतून कुल्ल्यात, मांडीत, पोटरीत उतरते. हीच सायटिका. गादी आणि ही कळ यांचा संबंध १९३४ साली बोस्टनच्या डॉ. मिक्स्टर आणि डॉ. बार यांनी दाखवून दिला. बहुतेकांच्या बाबतीत कमरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांतच हा बिघाड होतो. म्हणजे आपण ज्याला ‘गॅप’ म्हणतो तो शब्दच उलटा आहे. तिथे फट पडलेली नसते. असलीच तर जागा कमी झालेली असते.

मशीन करते काय? रुग्णाला टेबलावर निजवून छातीला एक आणि कमरेला एक पट्टा बांधतात. संगणकाच्या हिशेबाने कंबर हळूहळू ताणली जाते, सैल सोडली जाते, पुन्हा ताणली जाते. अर्ध्या तासाची बैठक, अशा पाच-सहा आठवड्यांत वीसहून अधिक बैठका. ताणामुळे गादीतला दाब उतरतो आणि बाहेर आलेला गर आत ओढला जातो, असा दावा असतो. ही कल्पना नवी नाही. दवाखान्यात पायाला वजन लावून निजवत, ते याचेच जुने रूप. त्याही आधी, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या नावाने माणूस ताणायचा बाक प्रसिद्ध होता. नवा आहे तो संगणक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांना ‘विजेवर चालणारे ट्रॅक्शनचे साधन’ म्हणून विक्रीची मोकळीक दिली आहे. जाहिरातीत त्याचाच ‘मान्यताप्राप्त’ असा डंका असतो. विक्रीची मोकळीक म्हणजे गुण येतो याचा दाखला नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ‘अहो, आमच्या पाहुण्याला गुण आला!’ असे सभासद सांगतात. तो आला असेलच, आम्ही नाकारत नाही. परंतु समजा, टॉनिकवाला तुमच्या उसावर फवारणी करून गेला, पाठोपाठ चांगला पाऊस झाला आणि उसाने कांडी धरली. श्रेय कोणाचे? ते ठरवायला शेजारी बिनफवारणीचा प्लॉट लागतो. माती तीच, बेणे तेच, पाणी तेच, फक्त टॉनिक नाही. असा प्लॉट नसेल तर टॉनिकवाल्याचे म्हणणे आम्ही शिफारशीत घेत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपली जुनी रीत आहे. दोन-चार दिवसांत उसण उतरते आणि नाव पायाळूचे होते. उसण तशीही उतरणारच होती.

गादीचेही पुष्कळदा तसेच असते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच शोषून घेते. २०१५ साली अशा अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा गर पूर्ण तुटून पडलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के, आणि कड्याबाहेर आलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांत तो आपोआप आक्रसला होता. जो गर फोटोत सर्वांत भयंकर दिसतो, तोच जास्त आक्रसतो! म्हणजे पाच-सहा आठवड्यांच्या पॅकेजमध्ये निसर्गाचेही पाच-सहा आठवडे धरलेले असतात. त्याचे बिल मात्र दवाखाना लावतो.

मग कमरेचे ‘कंट्रोल प्लॉट’ कोणी घातले आहेत का? घातले आहेत. कंबर ताणण्याच्या सर्व प्रकारांवरील ३२ प्रयोग, एकूण २,७६२ रुग्ण, यांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१३ साली निघाला. निष्कर्ष असा की वेदना, कामाची ताकद, कामावर परतणे, यांत ताणण्याने फरक पडत नाही किंवा अगदी थोडा पडतो. २०१६ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने कंबरदुखी आणि सायटिकेला ट्रॅक्शन देऊ नये असे सांगितले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीच्या सूचना काढल्या, त्यांतही ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे यांची शिफारस नाही. नव्या मशीनच्या काही लहान प्रयोगांत थोड्या काळाचा आराम दिसला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तेवढ्यावर आम्ही वाणाची शिफारस करत नाही, तर कल्याण निधीची कशी करावी?

फोटोचेही सांगू. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ असे लिहून आले की माणूस अर्धा खचतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे फोटो काढले, तर ५२ टक्क्यांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. केस पिकावेत तशा गाद्या पिकतात. फोटो आणि दुखणे यांचा मेळ तपासणाऱ्या डॉक्टरने घालायचा असतो, पॅकेज विकणाऱ्याने नव्हे.

‘मग ऑपरेशनच करायचं का?’ तसेही नाही. हॉलंडमध्ये तीव्र सायटिकेच्या २८३ रुग्णांवर झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. तेव्हा ऑपरेशनचा बाऊ नको आणि घाईही नको. मात्र काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर मोठ्या रुग्णालयातच जावे. तसेच कंबरदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे, रात्रीची ठणक असेल तर मणक्याचा क्षय किंवा अन्य आजार असू शकतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांनाही ताण देणे धोक्याचे. तपासणी न करता टेबलावर निजवणारा दवाखाना आपला नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

आता निधी कशावर खर्चावा? स्वीडनचे डॉ. नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. तो निजल्यावर सर्वांत कमी आणि पुढे वाकून ओझे उचलताना पुष्कळ जास्त भरला. आणि आपल्या फडात हंगामभर चालते ते नेमके हेच. वाकून बुडख्याशी कोयता चालवायचा, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे. पुरुष चढतो, तशी बाईही चढते. सभासदाला निदान ॲडव्हान्स मागता येतो. तोडकरी मुकादमाकडून उचल घेतो, आणि कंबर गेली तर ती उचल पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते.

म्हणून आमच्या सूचना अशा. मोळी लहान बांधावी. खेपा वाढतील, गाडी भरायला उशीर होईल, मुकादम कुरकुर करील, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच भरणीचा दर ठरवताना याचा विचार व्हावा. फळी रुंद आणि आडव्या पट्ट्यांची असावी. युरियाची ४५ किलोंची आणि डीएपीची ५० किलोंची गोणी दोघांनी उचलावी. ट्रॅक्टरवर सलग बसू नये, तासा-दीड तासाने उतरावे. आणि टेबलाच्या पैशांत कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस चांगला फिजिओथेरपिस्ट बसवावा, एक दिवस तोडकऱ्यांच्या तळावर पाठवावा.

ज्यांची कंबर सध्या धरली आहे त्यांनी आठ-आठ दिवस अंथरूण धरू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढे हिंडावे-फिरावे, शिकवलेला व्यायाम नेटाने करावा. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून उठल्यावर ज्यांना ठरवून चालायला लावले, त्यांचे दुखणे मध्यमानाने २०८ दिवसांनी उलटले; बाकीच्यांचे ११२ दिवसांनीच. चालण्याला पॅकेज लागत नाही. बांधापर्यंत मोटारसायकल नेणाऱ्या आमच्या तरुण सभासदांनी याची विशेष नोंद घ्यावी.

टेबलाचा विषय संचालक मंडळापुढे येईल तेव्हा सभासदांनी एकच प्रश्न विचारावा : याचा बिनफवारणीचा प्लॉट कुठे आहे? नव्या वाणाच्या बाबतीत तुम्ही आम्हाला हा प्रश्न दरवर्षी विचारता. आपल्या कमरेच्या बाबतीतही तो विचारायला संकोच करू नये.

— ऊस विकास अधिकारी