वरातीमागून आलेले कंद

उशीर झालेल्या माणसाविषयी आपल्या भाषेला फारशी दयामाया नाही. ‘वरातीमागून घोडे’ म्हटले की त्याचा निकाल लागला! पण बागेच्या व्यवहारात हा निकाल नेहमीच खरा ठरतो असे नाही. ज्यांची लेक किंवा सून आज इंग्लंड-हॉलंडात संसार थाटून आहे, त्यांनी यंदा फराळाच्या डब्याबरोबर एवढा निरोप अवश्य धाडावा.

वसंतात फुलणारे कंद तिकडे हिवाळ्यापूर्वी लावतात. डॅफोडिल सप्टेंबर-ऑक्टोबरात, ट्यूलिप नोव्हेंबरात, असा रिवाज. मग डिसेंबर उजाडतो, दुकानदार उरलेले कंद स्वस्तात काढतात. किंवा हौसेने आणलेली पिशवी कपाटाच्या कोपऱ्यात सापडते. “आता काय उपयोग? राहू देत पुढल्या वर्षाला,” असे मनात येते. तसे मात्र करू नये. बी डबीत भरून ठेवता येते. कंद वर्षभरात सुकतो, नाही तर कुजतो.

स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरून पाहा. पापुद्र्यांच्या मधोमध कोंब दडलेला दिसतो. ट्यूलिपचा कंदही असाच. शिवाय त्याच्या पोटात आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली इवलीशी कळी असते. हातात येतो तेव्हाच तो फूल घेऊन आलेला असतो. त्याला टाकून देणे जिवावर यावे, ते यासाठी.

जमीन गोठली असली तरी कुंडी आहेच. कंद दाबून पाहावा. मऊ पडलेला, बुरसटलेला काढून टाकावा. कुंडीला तळाशी भोके हवीत, मातीत थोडी जाड वाळू मिसळावी. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर करून, दाटीने पण एकमेकांना न टेकतील असे कंद बसवावेत. पाणी बेताचे. कंदाला थंडी हवी, पण मुळे गोठून चालत नाही. म्हणून कडाक्याच्या दिवसांत कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे.

इथवर सोपे. पुढे उशीर भरून काढण्यासाठी कुंडी उबदार दिवाणखान्यात आणण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. ट्यूलिपला सुमारे १२ ते १६ आठवडे थंडी लागते, साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खालची. त्या काळात मुळे धरतात आणि दांडा उंच होण्याची तयारी आतल्या आत चालते. ती अपुरी राहिली तर फूल पानांतच अडकून खुजे उमलते, नाही तर कळीच सुकून जाते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

पुण्या-मुंबईच्या गच्चीत ट्यूलिप आपणहून का फुलत नाही, याचे उत्तरही हेच. तेवढी सलग थंडी आपल्याकडे नाही. काश्मीरला ती आहे. म्हणून श्रीनगरात झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपचे मोठे उद्यान उभे राहू शकले. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी कंद कागदी पिशवीत घालून तेवढे आठवडे फ्रिजमध्ये ठेवावेत. मात्र शेजारी सफरचंदे नकोत. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो.

दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे काही पालक येतात. मुलाचे एक वर्ष गेलेले असते, आणि दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात बसवायचा त्यांचा हट्ट असतो. मूल मागे पडले याचे दुःख मला कळते. त्यांना मी अलीकडे या कंदांची हकीकत सांगतो. महिना-दीड महिन्याचा उशीर निसर्ग पोटात घालतो, फूल थोडे मागाहून येते, इतकेच. पण शिशिर वगळून वसंत तो कुणालाच देत नाही.

तेव्हा लेकीला लिहा, की कुंडी आज लाव आणि बाहेरच राहू दे. कोंब दोन बोटे वर आले, की मग खुशाल आत आण.