ऑनलाइन दुकान तुमचं, पण चावी कुणाकडे? समजून घ्या 'हेडलेस' ई-कॉमर्स

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. इथली चांदीची भांडी किंवा मूर्ती ऑनलाइन विकायच्या, तर पहिली अडचण भावाची. चांदीचा भाव दिवसातही बदलतो. दुकानात आजचा भाव आणि वेबसाइटवर कालचा, असं झालं तर एकतर विक्रेत्याचं नुकसान होतं किंवा ग्राहकाशी वाद. 'हेडलेस' ई-कॉमर्स हा त्यावरचा एक उपाय आहे. पण छोट्या व्यापाऱ्याला त्याची गरज आहे का?

हेडलेस म्हणजे काय?

नेहमीच्या तयार वेबसाइटमध्ये दिसणारं दुकान आणि त्यामागची यंत्रणा एकाच सॉफ्टवेअरमध्ये असते. हेडलेसमध्ये ही दोन्ही वेगळी होतात. मालाची यादी, किंमत, साठा आणि ऑर्डर मागे एकाच ठिकाणी राहतात. पुढे वेबसाइट, मोबाइल ॲप, दुकानातलं बिलिंग असं काहीही असू शकतं. दोघांमध्ये निरोप पोहोचवण्याचं काम एपीआय करतो. शॉपिफाय ही सोय देतं, तर मेडूसा आणि सेलिओर हे ओपन सोर्स पर्याय आहेत.

जोडणी कशी चालते?

ग्राहकाने मूर्तीचं पान उघडलं की वेबसाइट मागच्या यंत्रणेकडे किंमत मागते. वजन, त्या वेळचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हा हिशेब मागेच होतो. पैसे भरण्याआधी किंमत आणि साठा पुन्हा तपासावा लागतो, कारण ब्राउझरमधून आलेला आकडा कुणीही बदलू शकतं. पैसे मिळाल्याचा निरोपही पेमेंट गेटवेने थेट मागच्या यंत्रणेला द्यायला हवा. नाहीतर ग्राहकाचं नेट मध्येच गेलं, की पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र दिसत नाही.

मग सगळ्यांनीच हे करावं का?

नाही. दोन भाग म्हणजे दोन्हींची देखभाल आणि डेव्हलपरचा कायमचा खर्च. एक दुकान, एक वेबसाइट असेल तर तयार साइट पुरते. तोच माल तीन-चार ठिकाणी विकायचा असेल, तरच हा खर्च वसूल होतो.

डेव्हलपर न नेमता अनेक ठिकाणी पोहोचायचं असेल, तर ओएनडीसी आहे. डीपीआयआयटीच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या या नेटवर्कची कल्पना अशीच आहे: विक्रेत्याचं ॲप वेगळं, खरेदीदाराचं वेगळं. एका ठिकाणी नोंदवलेला माल अनेक ॲपवर दिसू शकतो. मात्र साठा अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्याचीच.

नियमही मागेच बसवावे लागतात

१ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असलेले विक्रेते जीएसटी नोंदणीशिवाय ई-कॉमर्स मंचांवर माल विकू शकतात. त्यासाठी पोर्टलवर नावनोंदणी लागते आणि विक्री राज्यातच करावी लागते. म्हणजे जळगाव जामोदचं लोणचं पुण्याला पाठवता येईल, पण शेजारच्या बऱ्हाणपूरला नाही, कारण ते मध्य प्रदेशात आहे. ही पिनकोडची अट मागच्या यंत्रणेत नसेल, तर दुकान चुकीची ऑर्डर घेऊन मोकळं होईल.

म्हणून करार करण्याआधी डेव्हलपरला किंवा कंपनीला एवढं विचारा: उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर मालाची यादी, ऑर्डर आणि ग्राहकांची माहिती आम्हाला पूर्ण परत मिळेल का? उत्तर लेखी 'हो' नसेल, तर दुकानाची पाटी तुमची असली तरी चावी दुसऱ्याकडे आहे.