दुसरा ऑल-इन-वन घेण्याआधी

मुंबईच्या उपनगरांत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक घरांत आज साधारण एकाच वयाचे ऑल-इन-वन कॉम्प्युटर आहेत. २०२०च्या जूनमध्ये शाळा घरात भरू लागली, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि वन-रूम-किचनमध्ये सीपीयूचा डबा ठेवायला जागा कुठून आणायची, हा प्रश्न पडला. स्क्रीनच्या पाठीतच सगळं बसवलेलं, एका वायरवर चालणारं मशीन तेव्हा सोयीचं वाटलं आणि ते सोयीचं होतंही. त्या वेळी ते घेणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

आता ती मशिनं पाच-सहा वर्षांची झाली. सकाळी बटण दाबून चहा टाकावा, चहा उकळून कपात आला तरी डेस्कटॉप पुरता उघडलेला नसतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद केले आणि ‘तुमचा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही’ असा निरोप झळकू लागला. घरात बोलणं सुरू होतं : आता नवीनच घेऊ, तसाच, जरा मोठ्या स्क्रीनचा.

माझं कळकळीचं सांगणं आहे, या रविवारी शोरूमला जाऊ नका. आधी घरातल्या मशीनचा नेमका कोणता भाग थकलाय ते बघा. बहुतेक वेळा एकच भाग थकलेला असतो आणि बदललं मात्र सगळं जातं.

ऑल-इन-वनची पाठ उघडलेली एकदा तरी बघून घ्यावी. पलंगावर जाड चादर पसरून त्यावर मशीन तोंडावर झोपवतात, स्टँडचे स्क्रू काढतात आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेचे खटके एकेक करून सोडवतात. आत दिसतो तो जवळजवळ लॅपटॉपच. लॅपटॉपची असते तशी बोटभर रॅम, छोटा पंखा, तळहाताएवढी हार्डडिस्क, आणि स्क्रीनकडे जाणारी एक नाजूक पट्टीसारखी केबल. पंख्याच्या पात्यांवर पाच पावसाळ्यांची धूळ घट्ट बसून तिचा थर झालेला असतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये कॉम्प्युटरच्या आयातीवर परवान्याचा नियम आणायचं ठरवलं, तेव्हा लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या जोडीनेच ऑल-इन-वनचं नाव घातलं होतं. दिसायला डेस्कटॉप असला तरी बहुतेकांच्या पोटात लॅपटॉपचं सामान असतं, आणि डेस्कटॉपच्या पैशांत आपल्याला बॅटरी नसलेला लॅपटॉप मिळालेला असतो. हे कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

त्या काळातल्या स्वस्त मॉडेलांत फिरणारी हार्डडिस्क सर्रास असायची, मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी. मशीन रखडण्याचं पहिलं कारण बहुधा तीच असते. तपासायला कोणाला बोलवायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे ‘एचडीडी’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही काहीच करत नसताना आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर दुखणं सापडलं. ती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, टाका. नेहमीच्या ओळखीतला कॉम्प्युटरवाला जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्यावर उतरवून देतो. तुमचे फोटो, टॅली, मुलांचे प्रोजेक्ट सगळं जागच्या जागी राहतं. त्याच वेळी पंखा साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या. ‘फॉर्मॅट मारून देतो, फास्ट होईल’ एवढ्यावर कोणी निभावत असेल, तर मान्य करू नका. फॉर्मॅटने महिनाभर बरं वाटतं, डिस्क तीच राहते.

रॅम चार जीबी असेल तर आठ करणं आवश्यक आहे. मात्र २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा माल उचललाय, की जगभर रॅमचे भाव चढलेत आणि एसएसडीलाही झळ लागली आहे. त्यामुळे दोन-तीन दुकानांत भाव विचारा, आणि चालू स्थितीतली जुनी रॅमही चालते, हे लक्षात असू द्या.

आता विंडोज ११. त्यासाठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, चार जीबी रॅम लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरची पिढी त्याच्या नावातच असते. आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढच्या चार अंकी क्रमांकाची सुरुवात ८ने असेल तर आठवी, ७ने असेल तर सातवी. एएमडीच्या जुन्या ए-फोर, ए-सिक्स, ए-नाइन मालिका बाहेर आहेत. पण ‘पात्र नाही’ असा शेरा आला म्हणून लगेच हार मानू नका. काही मशिनांत टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ नावाने. ते सुरू करून मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ पुन्हा चालवून बघा.

खरोखरच पात्र नसेल तर दोन वाटा आहेत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून दिले आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर त्याचे पैसेही पडत नाहीत. ही मुदत शांतपणे विचार करण्यासाठी वापरा. दुसरी वाट लिनक्स मिंटची. ज्या घरात कॉम्प्युटरवर ब्राउझर, यूट्यूब, ईमेल आणि पत्र टाइप करणं एवढंच होतं, तिथे ते उत्तम चालतं. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे. टॅली, कोरल ड्रॉ किंवा डीटीपीची जुनी फॉन्ट पॅकेजेस यांवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये. नियम चुकवून विंडोज ११ जबरदस्तीने बसवून देणारेही भेटतील. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर बँकेचं काम करता, त्या मशीनवर हा जुगाड नको.

हे सगळं करूनही भागत नसेल, बोर्ड गेला असेल किंवा सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा प्रोसेसर असून काम वाढलं असेल, तर नवीन घ्यायलाच हवं. तरीही माझं मत स्पष्ट आहे : बहुतेक घरांनी दुसरा ऑल-इन-वन घेऊ नये. स्क्रीन आणि कॉम्प्युटर वेगवेगळे घ्यावेत.

कारण दोघांचं आयुष्य सारखं नसतं. बरा मॉनिटर दहा वर्षं सहज चालतो. कॉम्प्युटर पाच-सात वर्षांत मागे पडतो, कधी तो स्वतः बिघडतो म्हणून, कधी विंडोजवाले नियम बदलतात म्हणून. ऑल-इन-वनमध्ये आपण या दोघांना एका खोक्यात जखडतो आणि एक गेला की दुसऱ्यालाही भंगारात पाठवतो. पाठीमागे एचडीएमआयचं छिद्र दिसतं म्हणून फसू नका. पुष्कळ मॉडेलांत ते फक्त चित्र बाहेर पाठवायला असतं, बाहेरचं चित्र आत घ्यायला नसतं. म्हणजे बोर्ड गेल्यावर तुमची चोवीस इंची लखलखीत स्क्रीन साधा मॉनिटर म्हणूनही उपयोगाची राहत नाही. उलट पॅनल गेलं, तर त्या मॉडेलचं पॅनल शोधत फिरायचं आणि मिळालं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून परत यायचं.

अंधेरीत एडिटिंग आणि डिझाइनची कामं करणाऱ्यांना हे ॲपलच्या सत्तावीस इंची आयमॅक या ऑल-इन-वनने शिकवलं. २०१४च्या मध्यापर्यंतचे ठरावीक आयमॅक दुसऱ्या मॅकसाठी स्क्रीन म्हणून वापरता येत होते. त्यानंतर आलेल्या फाइव्ह-के मॉडेलांत ती सोय राहिली नाही. मार्च २०२२मध्ये ॲपलने सत्तावीस इंची आयमॅक बंद केला आणि त्याच कार्यक्रमात मॅक स्टुडिओ व स्टुडिओ डिस्प्ले असे दोन वेगळे डबे विकायला काढले. जून २०२५मध्ये त्यांनी जाहीर केलं की मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. इंटेलच्या आयमॅकपैकी ती फक्त २०२०च्या सत्तावीस इंचीवर चालते. बाकीच्यांचा देखणा पडदा शाबूत आहे, मशीन मात्र मागे पडलं. चोवीस इंची आयमॅक आजही मिळतो, तोही उत्तम आहे, पण त्याची रॅम बोर्डालाच जोडलेली असते. घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

वेगळं घ्यायचं म्हणजे पूर्वीचा भलामोठा डबा पायाशी ठेवायचा, असं राहिलेलं नाही. मिनी पीसी नावाचा प्रकार जाडजूड पुस्तकाएवढा असतो. पुष्कळ मॉनिटरच्या पाठीला ‘वेसा’ची चार स्क्रूची छिद्रं असतात, १०० मिलिमीटर किंवा ७५ मिलिमीटरच्या चौकोनात, त्यांवर पट्टी बसवून तो मागेच टांगता येतो. समोरून ऑल-इन-वनसारखंच दिसतं, जागा तेवढीच जाते, वायर एक-दोन जास्त. पाच वर्षांनी पाठीवरचा मिनी पीसी काढायचा, नवा लावायचा, स्क्रीन तीच. मॉनिटर निवडताना मात्र पाठीला वेसाची छिद्रं आहेत ना, हे बघूनच घ्या. पैसे कमी असतील तर ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’, एचपीचे ‘मिनी’ मिळतात. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि पक्कं बिल व लेखी वॉरंटी देणारा दुकानदार एवढं बघितलंत, तर घरकामाला ते भरपूर झाले.

उपनगरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे रिडेव्हलपमेंट. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. तुमच्या इमारतीत संमतीची पत्रं फिरत असतील, तर येत्या काही वर्षांत तुम्ही भाड्याच्या घरात जाणार, कदाचित अकरा महिन्यांच्या कराराने तिथूनही हलणार, मग नव्या फ्लॅटमध्ये येणार. प्रत्येक वेळी टेम्पो, जिना आणि घाईतले हमाल. मूळ खोका जपून ठेवलेला नसेल तर ऑल-इन-वनचं पॅनल याच फेऱ्यांत तडकतं, आणि तडा गेलेलं पॅनल नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. ज्यांचं घर असं हलतं असणार आहे, त्यांनी सरळ लॅपटॉप घ्यावा आणि स्थिरस्थावर झाल्यावर त्याला मोठा मॉनिटर जोडावा. लॅपटॉपला बॅटरीही असते. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईभर वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि घरून काम करणाऱ्यांचे डेस्कटॉप एका क्षणात काळे पडले. बिल अदानीचं येवो की मुलुंडमध्ये येतं तसं महावितरणचं, बॅटरी नसलेल्या कोणत्याही मशीनला लहानसा यूपीएस जोडाच. फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुष्कळ झालं. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला मशीनची पाठ लावून ठेवू नका.

तरीही काही ठिकाणी ऑल-इन-वन शोभतो. दवाखान्याच्या रिसेप्शनवर, दुकानाच्या गल्ल्यावर, किंवा ज्या आजी-आजोबांना अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलायला मोठी स्क्रीन, कॅमेरा आणि स्पीकर एकाच जागी हवेत, त्यांच्यासाठी. तिथे घ्या, पण दुकानात चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आत एसएसडी आहे का? रॅम पुढे वाढवता येते का, आणि किती? बाहेरून चित्र आत घेणारं एचडीएमआय आहे का? सर्व्हिसवाला घरी येतो, की मशीन उचलून न्यावं लागतं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. काचेचं अवजड मशीन रिक्षात मांडीवर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं लागलं की तो क्षुल्लक वाटत नाही.

जीएसटीचं बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागलं नाही, तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे अशी सक्तीही नाही.

जुनं मशीन घरातून बाहेर काढताना त्याची डिस्क तुमच्याकडेच ठेवा. पासवर्ड, आधारची स्कॅन केलेली प्रत, पॅन, पाच वर्षांची बँक स्टेटमेंट्स सगळं तिच्यावर असतं, आणि डिलीट केलेल्या फाइल परत काढता येतात. चालू मशीन असेल तर कोरी एसएसडी टाकून, मिंट घालून एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. अगदीच गेलेलं असेल तर दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारक ई-कचरा संस्थांची यादी असते. सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून एकदम दिलं, तर यांपैकी काही जण गाडी पाठवून माल घेऊन जातात. सेक्रेटरींना सांगून नोटीस बोर्डावर तारीख लावा.