तालुक्याच्या कॉलेजला वर्षात 40 मिनिटांची कबड्डी

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचं वेळापत्रक आलं की आमच्या पुणे जिल्हा विभागात सगळे आधी ड्रॉ बघतात. मी बघत नाही. उपांत्य फेरीतली चार कॉलेजं न बघताच सांगतो आणि तीन तरी बरोबर निघतात. यात माझी हुशारी काही नाही. वर्षानुवर्षं तीच नावं आहेत.

कारण सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या कॉलेजात मॅट आहे, वसतिगृह आहे, मेस आहे, रोज सराव घेणारा प्रशिक्षक आहे. तालुक्याच्या कॉलेजात कितीदा तरी शारीरिक शिक्षण संचालकाचं पदच रिकामं असतं. सराव मातीवर, आणि मॅटचे बूट आदल्या दिवशी कुणाकडून तरी मागून आणलेले. मातीत पाय रोवून पकड करणारा पोरगा मॅटवर पहिली पाच मिनिटं नुसता घसरतो. तेवढ्यात लोण चढतो आणि सामना हातचा जातो. मग बारावीला चमकलेला पोरगा मोठं कॉलेज गाठतो. गाठू दे. त्याची राहण्या-जेवणाची सोय होत असेल तर त्याने जावंच. त्याला अडवणारा नियम मला नकोय.

माझी हरकत आहे ती बाद फेरीला. 32 संघ धरा. 31 सामने होतात आणि 16 संघ एकेक सामना खेळून परत जातात. वर्षाची क्रीडा फी भरून पोरांच्या वाट्याला येतात 40 मिनिटं, आणि नशीब फुटकं असेल तर तीही गतविजेत्यासमोर. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात सात पोरं गोळा होत नाहीत आणि आपण म्हणतो, ‘खेड्यातल्या मुलांना आता खेळाची आवड राहिली नाही.’

याच 32 संघांचे चार-चारचे आठ गट करा. आठ मानांकित संघ आठ गटांत टाका, बाकीचे शक्यतो जवळपासचे. प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतील. साखळीचे 48, बाद फेरीचे 7, एकूण 55. म्हणजे 24 सामने जास्त. खर्च वाढेल, परीक्षांच्या आधी दिवस काढावे लागतील, हे मान्य. पण क्रीडा फी कशासाठी घेतो मग?

पुढची पायरी मुंबईच्या कांगा लीगची. 1948 पासून पावसाळ्यात चालणाऱ्या या क्रिकेट स्पर्धेत ‘ए’ ते ‘जी’ असे गट आहेत. चांगलं खेळलात की वर, नाहीतर खाली. त्यामुळे तळाच्या क्लबलाही हंगामभर खेळायला कारण असतं. कॉलेज कबड्डीत असे दोन गट तरी का नसावेत?

मोठी कॉलेजं म्हणतील, आम्ही पैसा आणि मेहनत घालतो, यात आमचा काय दोष? दोष नाहीच. पण एक आठवण करून देतो. 2020 च्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पंजाब विद्यापीठ पहिलं आणि आपलं पुणे विद्यापीठ दुसरं होतं, सुवर्णपदकं दोघांचीही 17. 2024 ला ईशान्य भारतात झालेल्या स्पर्धेत विजेतेपद गेलं चंदीगड विद्यापीठाकडे, म्हणजे एका खासगी विद्यापीठाकडे. तेव्हापासून आपल्याकडे ऐकू येतं, ‘त्यांच्यासारखा पैसा आणि शिष्यवृत्त्या आम्ही कुठून आणायच्या?’ अहो, तालुक्याचं कॉलेज तुमच्याबद्दल हेच म्हणतंय. तिथे ती तक्रार रास्त असेल तर इथेही रास्त आहे.

शिवाय अटीतटीचे सामने न खेळता जिंकत आलेला संघ पश्चिम विभागात पहिल्या तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर गडबडतो. घरातली चुरस वाढली तर फायदा विद्यापीठाच्या संघाचाच आहे.

क्रीडा मंडळाने निदान एक वर्ष, एका विभागात हा प्रयोग करून बघावा.

तुमच्या कॉलेजचा कबड्डी संघ गेल्या वर्षी किती सामने खेळला? कमेंटमध्ये नुसता आकडा लिहा. बाकी काही लिहू नका, आकडाच पुरेसा बोलेल.