विश्लेषण : ग्राफिक्स कार्डचे ‘एफपीएस’ किती खरे?

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ‘आरटीएक्स ५०७०’ कार्ड ‘४०९०’इतकी कामगिरी देईल, असे जाहीर केले. ‘४०९०’ बाजारात आले तेव्हा त्याची किंमत होती १,५९९ डॉलर. ही दरी चिपच्या ताकदीने कमी आणि मोजण्याच्या पद्धतीने जास्त भरून काढली होती.

वाढीव चित्रे येतात कुठून?

गेमचा वेग ‘एफपीएस’मध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रे पडद्यावर येतात यात मोजतात. ‘डीएलएसएस ४’ हे तंत्र गेमच्या दोन चित्रांमध्ये एआयने बनवलेली तीन चित्रे घालू शकते. आकडा १२० दिसतो. खेळाडूच्या माऊसला दाद देणारी त्यातली चित्रे ३०च. शिवाय मधली चित्रे बनवायला पुढचे चित्र क्षणभर रोखावे लागते, त्यामुळे प्रतिसाद थोडा मंदावतोच. मूळ वेग साठच्या आसपास असेल तर तंत्र छान चालते. आक्षेप आहे तो खरा वेग आणि असा फुगवलेला वेग एकाच रकान्यात छापण्याला.

हे आधीही घडले आहे?

होय. २००१ मध्ये समीक्षकांनी ‘क्वेक ३’च्या फाइलमधले नाव बदलून ‘क्वॅक’ केले, तर एटीआयच्या ‘रेडिऑन ८५००’चा वेग घसरला आणि चित्र मात्र अधिक स्पष्ट झाले. ड्रायव्हर नाव ओळखून दर्जा उतरवत होता. २००३ मध्ये एनव्हिडियाची पाळी आली. ‘थ्रीडीमार्क०३’ चाचणीत कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला. म्हणून जे दिसणार नाही ते ड्रायव्हर काढतच नव्हता. चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कने अशा पळवाटा बुजवल्यावर ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घटले. (पुढे संयुक्त निवेदन निघाले आणि फसवणुकीचे ‘ऑप्टिमायझेशन’ झाले!)

मग पाहायचे काय?

सरासरी एफपीएस सर्वांत शेवटी. ६० एफपीएसला प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. मध्येच एखाद्याला १०० लागले तर खेळताना हिसका बसतो, सरासरीला मात्र त्याचा पत्ताही नसतो. ‘१ टक्का लो’ हा आकडा तो पकडतो. चित्राचा दर्जा नुसत्या स्क्रीनशॉटवर जोखू नये. हलत्या वस्तूमागे उमटणारी धूसर शेपटी, जाळीच्या कुंपणाची चमचम गेम चालू असतानाच दिसते. यूट्यूबच्या व्हिडीओत तीही कॉम्प्रेशनमध्ये बरीचशी पुसली जाते, तेव्हा जमल्यास दुकानात कार्ड चालवून बघावे. आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘फ्रेम जनरेशन सुरू’ असे आढळले, तर ते बंद ठेवून घेतलेला आकडा शोधल्याशिवाय पैसे मोजू नयेत.