कंस लिहायलाच हवा

एका कार्यालयाला पुणे किंवा सातारा येथील थकबाकीदारांना नोटिसा पाठवायच्या आहेत, असे समजू. डेटाबेसला विचारणा होते: शहर पुणे ऑर शहर सातारा अँड थकबाकी शून्यापेक्षा जास्त. वाचताना अट बरोबर वाटते. प्रत्यक्षात नोटिसा जातात साताऱ्याच्या थकबाकीदारांना आणि पुण्याच्या सरसकट सगळ्या ग्राहकांना. वेळेवर पैसे भरणारेही त्यात आले.

याचे कारण ऑपरेटर प्रिसिडन्स, म्हणजे क्रियाचिन्हांचा प्राधान्यक्रम. शाळेतल्या 'कंचेभागुबेव'प्रमाणे इथेही क्रम ठरलेला असतो: बहुतेक भाषांत 'अँड' आधी, 'ऑर' नंतर. तो मनमानी नाही. जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात तर्काचे बीजगणित मांडले, तेव्हा 'आणि'ला गुणाकाराचे आणि 'किंवा'ला बेरजेचे रूप दिले होते.

सी भाषेतला एक क्रम मात्र तर्कातून आलेला नाही, इतिहासातून आला आहे. तिच्या आधीच्या बी भाषेत & हे एकच चिन्ह दोन कामे करी: अटी जोडणे आणि संख्येतले बिट तपासणे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवताना अटींसाठी && हे वेगळे चिन्ह आणले. आता & चे स्थान समानता तपासणाऱ्या == च्या वर न्यायला हवे होते. पण तसे केले असते तर जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणे अवघड झाले असते, म्हणून ते खालीच राहिले.

परिणाम पाहा. 'क्ष & ४ == ०' ही अट क्ष मधला एक बिट बंद आहे का, हे विचारण्यासाठी लिहिली जाते. सी आधी '४ == ०' तपासते. उत्तर शून्य येते, आणि क्ष काहीही असला तरी अट कायम खोटीच ठरते. प्रोग्रॅम मात्र चालत राहतो. हा क्रम बदलला असता तर बरे झाले असते, असे रिची यांनी १९९३ मध्ये स्वतःच लिहिले. तोवर सी++ ने तो उचलला होता. पुढे जावास्क्रिप्टनेही उचलला. गो आणि रस्ट या भाषांनी तो दुरुस्त केला.

म्हणजे एकच ओळ भाषेगणिक वेगळा अर्थ देऊ शकते. अशा वेळी पाठांतरावर विसंबणे धोक्याचे आहे. जीसीसी या कंपायलरमध्ये, म्हणजे भाषांतरक प्रोग्रॅममध्ये, इशारे चालू केले की तो अशा ओळी दाखवून देतो; ते इशारे बंद ठेवू नयेत. एडा भाषेत तर 'अँड' आणि 'ऑर' एकाच अटीत कंसाविना मिसळताच येत नाहीत. हाच नियम आपल्या महाविद्यालयांनी पहिल्या सत्रापासून विद्यार्थ्यांना लावावा.