बाळाचा लंगोट आणि पांझरेचे पाणी

पिंपळनेरच्या घरात बाळ जन्मले की लुगड्याच्या मऊ लंगोटांऐवजी डायपरचे पाकीट येणे आता नवलाचे राहिलेले नाही. सुजाण पालक त्यातही ‘पर्यावरणपूरक’ असे छापलेले पाकीट निवडतात. हेतू स्तुत्य आहे. पण बांबूचा धागा बहुधा वरच्या थरापुरताच असतो. ओल शोषणारी भुकटी, म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट, खनिज तेलापासूनच बनते आणि सहजी कुजत नाही. जे कुजण्याजोगे आहे तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर पडले, तर कुजणार कसे? वापरलेला डायपर गुंडाळून देण्यासाठी उत्पादकांनी पाकिटासोबत पिशवी द्यावी, असे केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी बजावले होते. ती पिशवी किती घरांनी पाहिली? पांझरेकाठी फेकलेला डायपर पहिल्या पुरातच धुळ्याच्या वाटेला लागतो.

कापडी लंगोटही आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तो विजेच्या यंत्रात वाळवल्यास लाभ नाहीसा होतो. दोरीवर वाळवून धाकट्या भावंडालाही वापरल्यास वाढतो. खानदेशात उन्हाची वानवा कधी होती? अडचण आहे ती उन्हाळ्यातल्या पाण्याची आणि धुणाऱ्या हातांची. सारे धुणे एकट्या सुनेवर टाकून पर्यावरणावर बौद्धिक देणे हा दांभिकपणाच होय. ‘पंच परिवर्तना’त पर्यावरणासोबत कुटुंब प्रबोधनही आहे, तेव्हा बादलीला बापाचाही हात लागावा. प्रवासात किंवा पावसाच्या झडीत डायपर जरूर घ्यावा. मात्र मळ शौचकूपात टाकून, तो कागदात गुंडाळून वेगळा द्यावा.